दिव्यांग महिलांच्या हक्कांचं काम तालुक्यात कसं उभं करायचं?

प्रश्न थोडक्यात असा आहे. तालुक्यातल्या बचत गटांबरोबर काम करणाऱ्या एका कार्यकर्तीला दिव्यांग महिलांच्या हक्कांचं काम सुरू करायचं आहे. पण घरचे त्या बायकांना बैठकीला पाठवत नाहीत. कार्यालयात गेलं की "सोबत कोण आलंय? त्यांना बोलू द्या" असं ऐकावं लागतं, आणि ग्रामपंचायत म्हणते की आमच्या गावात अशा बायकाच नाहीत. मग सुरुवात कुठून करायची?

दोन गोष्टी शेवटपर्यंत धरून ठेवा. दिव्यांग बाईचं म्हणणं तिच्याकडूनच नोंदवलं गेलं पाहिजे, आणि कागद तिच्या नावाचा असून तिच्याच हातात राहिला पाहिजे. योजना, कायदे, निवेदनं हे सगळं याच्या पाठीमागून येतं. दिव्यांग पुरुषाला कार्यालय निदान समोर बसवून विचारतं. बाईच्या वेळी मात्र वडील, भाऊ, नवरा किंवा जाऊ तिच्या वतीने बोलतात, आणि हे सगळं काळजीपोटीच चाललं आहे असं सगळ्यांना वाटतं. कित्येकदा ती काळजी खरीही असते. पण तिच्यावर होणारा अन्यायही बहुतेक वेळा त्याच घरातून होत असतो, म्हणून तिचा स्वतःचा आवाज वेगळा ऐकण्याची सोय आपल्याला करावीच लागते.

आधी बायका शोधाव्या लागतात. २०११च्या जनगणनेत देशात २.६८ कोटी दिव्यांग व्यक्ती नोंदल्या गेल्या आणि त्यांत १.१८ कोटी महिला होत्या. महाराष्ट्राचा एकूण आकडा सुमारे २९.६ लाख. दिव्यांग पुरुषांमध्ये साक्षरता ६२ टक्के, महिलांमध्ये ४५. गावात बाई नाही असं सरपंच म्हणतात तेव्हा त्यांच्यासमोर प्रमाणपत्र असलेल्यांची यादी असते, आणि प्रमाणपत्र काढायला मुलग्याला जितक्या तातडीने नेतात तितक्या तातडीने मुलीला नेत नाहीत. म्हणून ती यादी बाजूला ठेवा आणि आशाताई, अंगणवाडी सेविका यांना घेऊन वस्तीवस्तीने घरं करा. "घरात कोणी अपंग आहे का?" असं विचारू नका, उत्तर "नाही" असंच येतं. त्याऐवजी घरातल्या प्रत्येक बाईबद्दल सहा गोष्टी विचारा: चष्मा लावूनही दिसायला अडचण होते का, ऐकायला होते का, चालायला किंवा पायऱ्या चढायला होते का, लक्षात ठेवायला किंवा एका कामात लक्ष लावायला होते का, अंघोळ-कपडे स्वतःचे स्वतः करायला होते का, आणि आपलं म्हणणं दुसऱ्याला समजावून सांगायला होते का. उत्तराचे चार पर्याय ठेवा: अजिबात नाही, थोडी, खूप, जमतच नाही. "खूप" आणि "जमतच नाही" अशी उत्तरं आलेली घरं पुन्हा गाठायची. सासरहून परत पाठवलेल्या, लग्न न झालेल्या, रेशनकार्डावरून किंवा मतदार यादीतून नाव गळालेल्या बायकांची वेगळी चौकशी करा. मानसिक आजार असलेल्या बायका तर कुठल्याच यादीत सापडत नाहीत, त्या शेजाऱ्यांकडून कळतात.

पहिली भेट घरच्यांसमोरच होणार, ती तशीच होऊ द्या. दुसरी भेट मात्र घरचे शेतावर किंवा कामावर असतील त्या वेळी ठरवा. कर्णबधिर बाईशी बोलताना जाऊबाईंना दुभाषी करू नका, कारण तक्रार जाऊबाईंबद्दलही असू शकते. शाळेत न गेलेल्या कर्णबधिर बाईला भारतीय सांकेतिक भाषा बहुधा येत नसते, तिच्या घरगुती खुणा असतात. त्या खुणा ओळखणारी घराबाहेरची एखादी मैत्रीण आणि जवळच्या मूकबधिर शाळेतली विशेष शिक्षिका अशी जोडी लावली की बरंच जमतं. बौद्धिक दिव्यांग बाईला एका वेळी एकच प्रश्न विचारा, वाक्य लहान ठेवा, आणि "हो-नाही"चे प्रश्न टाळा. समोरच्याला खूश ठेवायची सवय लागल्यामुळे अशा अनेकजणी कशालाही "हो" म्हणतात. "तुला तिथे जायचं आहे ना?" असं न विचारता "घरी राहायचं की गटात यायचं?" असं विचारा, आणि थोड्या वेळाने पर्यायांचा क्रम उलटा करून पुन्हा विचारा. दोन्ही वेळा उत्तर तेच आलं तर ते तिचं उत्तर समजायला हरकत नाही.

मग कागद. यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगत्वाचं सरकारी ओळखपत्र, त्याशिवाय पुढच्या योजनांचं काहीच हलत नाही. अर्ज स्वावलंबन पोर्टलवर होतो, तपासणी जिल्हा किंवा उपजिल्हा रुग्णालयात होते. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६मध्ये दिव्यांगत्वाचे २१ प्रकार आहेत आणि बहुतेक लाभांसाठी ४० टक्क्यांची अट आहे. हाडांचा दिव्यांगपणा असेल तर सहसा एका फेरीत काम होतं. कर्णबधिरता, बौद्धिक दिव्यांगता आणि मानसिक आजार यांच्या वेळी मात्र हेलपाटे पडतात, कारण श्रवणचाचणीचं यंत्र, मानसशास्त्रज्ञ किंवा मनोविकारतज्ज्ञ रोज सगळीकडे नसतात. निघण्याआधी रुग्णालयात फोन करून कोणता तज्ज्ञ कोणत्या वारी असतो ते विचारून घ्या आणि सात-आठ बायकांची एकच गाडी करा. एकटीसाठी गाडी करायला घर तयार होत नाही, सगळ्याजणी निघाल्या की होतं.

सगळ्यात जास्त अर्ज कुठे अडकतात? नावात. शाळेच्या दाखल्यावर माहेरचं नाव, आधारवर सासरचं, रेशनकार्डावर "सुमन"च्या जागी "सुमनबाई", आणि नवऱ्याने सोडलेलं असेल तर यांतलं कुठलं चालवायचं हे तिलाही माहीत नसतं. यूडीआयडीचा अर्ज भरण्याआधी एक नाव पक्कं करा आणि आधार, बँक आणि कार्ड या तिन्हींवर ते अक्षर न् अक्षर तेच असू द्या. तिला माहेरी राहायचं असेल आणि सासरशी संबंध उरला नसेल तर माहेरचं नाव ठेवणं पुढे जमिनीच्या वारस नोंदीलाही सोयीचं पडतं. पण हे तिला विचारून ठरवा. दुसरी अडचण मोबाइल नंबरची. अर्जात भावाचा नंबर टाकला की ओटीपी भावाकडे जातो, आणि अनुदान आलं की नाही हे तिला कधीच कळत नाही. साधा बटणांचा फोन आणि तिच्या नावाचं सिमकार्ड हा खर्च पहिल्याच महिन्यात करा. बँक खातंही एकटीच्या नावाचं हवं. अंध बाईला चेकबुक किंवा एटीएम नाकारणारी शाखा भेटली तर रिझर्व्ह बँकेचं ४ जून २००८चं परिपत्रक दाखवा, अंध ग्राहकांना कोणताही भेदभाव न करता या सोयी द्याव्यात असं त्यात स्पष्ट सांगितलेलं आहे. तोंडी नकार ऐकून परत फिरू नका. नकार लेखी मागितला की बरेच नकार तिथेच विरघळतात.

संजय गांधी निराधार अनुदान योजनेचा अर्ज तहसील कार्यालयात होतो. १८ ते ६५ वय, किमान ४० टक्के दिव्यांगत्व, राज्यात १५ वर्षांचा रहिवास, आणि दिव्यांगांसाठी कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न ५० हजारांच्या आत, या मुख्य अटी. दिव्यांग लाभार्थींची रक्कम २०२५मध्ये दरमहा १५०० वरून २५०० रुपये झाली. इथे मेख उत्पन्नाच्या दाखल्यात असते. भावाच्या एकत्र कुटुंबात राहणाऱ्या अविवाहित बहिणीच्या दाखल्यात भावाचं उत्पन्न धरलं जातं आणि अर्ज बाद होतो. भाऊ वेगळा राहत असेल तर तिचं वेगळं रेशनकार्ड आधी करून घ्या. पैसे सुरू झाल्यावर दरवर्षी हयातीचा दाखला द्यावा लागतो. तो चुकला की अनुदान बंद पडतं आणि घरच्यांना वाटतं योजनाच बंद झाली. गटाच्या वहीत प्रत्येकीसमोर ही तारीख लिहून ठेवा.

ग्रामपंचायतीच्या स्वउत्पन्नातला ५ टक्के निधी दिव्यांगांवर खर्च करायचा असतो. बऱ्याच ठिकाणी तो वर्षाअखेरीला सारखा वाटून टाकतात किंवा भांडी-खुर्च्या घेऊन संपवतात. माहितीच्या अधिकारात १० रुपयांचा अर्ज करून मागच्या तीन वर्षांचं स्वउत्पन्न, त्यातले ५ टक्के म्हणजे किती, आणि लाभार्थींची स्त्री-पुरुष अशी वेगळी यादी मागा. उत्तराची मुदत ३० दिवस आहे. ते आकडे हातात आले की मागणी ग्रामसभेआधीच्या महिला सभेत मांडा आणि ठरावात शब्दशः लिहून घ्या. थेट ग्रामसभेत मांडली तर गोंधळात विरून जाते. मागणीही नेमकी असू द्या: अमक्या वस्तीतल्या अमक्या बाईच्या घरी कमोड आणि आधाराचे दांडे, सार्वजनिक शौचालयाला उतार. उतार १:१२चा हवा, म्हणजे दीड फूट उंचीच्या ओट्याला १८ फूट लांबीचा. जागा नाही म्हणून सहा फुटांत घातलेला उतार फोटोपुरता असतो, त्यावरून चाकाची खुर्ची चढत नाही आणि उतरताना उलटते. शौचालयाचं दार किमान ३ फूट रुंद आणि बाहेर उघडणारं असावं. आत उघडलं तर बाई आत पडल्यावर ते उघडताच येत नाही.

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमाच्या कलम ३७ नुसार घरकुल, शेतजमीन वाटप आणि दारिद्र्य निर्मूलनाच्या योजनांत दिव्यांगांना ५ टक्के आरक्षण आहे, आणि त्यात महिलांना प्राधान्य द्यायचं आहे. घरकुलाच्या यादीवर हरकत घेताना हे कलम लिहा. कलम २४ प्रमाणे दिव्यांगांसाठीच्या मदतीची रक्कम तशाच इतर योजनांपेक्षा किमान २५ टक्के जास्त असायला हवी. हे वाक्य पंचायत समितीत फार जणांना माहीत नसतं.

आता हिंसा. या भागात घाई आणि बारकावा दोन्ही लागतात, म्हणून सविस्तर लिहितो.

लैंगिक अत्याचाराची घटना कळली की पहिल्या काही तासांत जे होतं त्यावर पुढचा खटला उभा राहतो किंवा कोसळतो. घरचे तिला अंघोळ घालतात, कपडे धुतात. ते थांबवा. अंगावरचे कपडे कागदाच्या पिशवीत ठेवा, प्लॅस्टिकमध्ये ओल धरून पुरावा खराब होतो. रुग्णालय उपचार नाकारू शकत नाही आणि उपचार मोफत द्यावे लागतात. गुन्हा दुसऱ्या हद्दीतला असला तरी कोणत्याही पोलीस ठाण्यात नोंदवता येतो. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे दिव्यांग पीडितेची फिर्याद तिच्या घरी किंवा ती सांगेल त्या सोयीच्या जागी, दुभाषी किंवा विशेष शिक्षकाच्या उपस्थितीत घ्यायची आणि तिचं चित्रीकरण करायचं. तिला पोलीस ठाण्यात बसवून ठेवणं हेच मुळात चुकीचं आहे. चित्रीकरण करताना कॅमेऱ्यात चेहरा आणि दोन्ही हात पूर्ण दिसत आहेत ना, हे स्वतः पाहा. फक्त चेहरा घेतलेला व्हिडिओ खुणांनी बोलणाऱ्या बाईच्या बाबतीत निरुपयोगी ठरतो. दुभाषाने तिच्या खुणा आणि त्यांचा अर्थ दोन्ही मोठ्याने सांगायला हवेत, म्हणजे पुढे अर्थ बदलला असा आक्षेप टिकत नाही. दंडाधिकाऱ्यांसमोर घेतलेला तिचा जबाब त्याच संहितेच्या कलम १८३ नुसार सरतपासणीच्या जागी धरला जातो. तिला तीच कहाणी न्यायालयात पहिल्यापासून सांगावी लागत नाही, फक्त उलटतपासणी होते. म्हणून हा जबाब घाईत, भाऊ शेजारी बसलेला असताना होऊ देऊ नका.

फिर्यादीत एक वाक्य नेहमी राहून जातं: तिच्या दिव्यांगत्वाचं. पोलीस "फिर्यादी बोलू शकत नाही" एवढंच लिहितात. दिव्यांगत्वाचा प्रकार, यूडीआयडी क्रमांक आणि आरोपीला ते माहीत होतं हे तिन्ही नोंदवून घ्या. ते असेल तर भारतीय न्याय संहितेचं कलम ६४(२)(के) लागतं, ज्यात किमान शिक्षा १० वर्षांची आहे. शिवाय दिव्यांग अधिनियमाचं कलम ९२ लागतं आणि खटला त्या कायद्याखालच्या विशेष न्यायालयात जाऊ शकतो. कार्ड अजून निघालं नसेल तरी फिर्याद अडत नाही, रुग्णालयाची जुनी कागदपत्रं जोडा आणि कार्डाचा अर्ज त्याच आठवड्यात करा.

वकीलसुद्धा एक चूक वारंवार करतात. बौद्धिक दिव्यांग बाईचं "मानसिक वय सहा वर्षं" असं प्रमाणपत्रात वाचून पॉक्सोखाली, म्हणजे लहान मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धच्या कायद्याखाली, खटला चालवायला सांगतात. सर्वोच्च न्यायालयाने २०१७मध्येच सांगितलं आहे की पॉक्सोत वय म्हणजे जन्मतारखेचं वय. तिशीतल्या बाईसाठी पॉक्सोचा आग्रह धरला तर महिने वाया जातात. दुसरी चूक, तिची साक्षच कमकुवत मानणं. पाटण जमाल वली खटल्याच्या एप्रिल २०२१च्या निकालात एका अंध दलित तरुणीने आवाजावरून आरोपीला ओळखलं होतं, आणि दिव्यांग स्त्रीची साक्ष केवळ दिव्यांगत्वामुळे कमी दर्जाची ठरत नाही असं सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं. निकालाची प्रत सरकारी वकिलांच्या हातात पहिल्याच भेटीत द्या. कर्णबधिर किंवा बोलू न शकणाऱ्या साक्षीदाराने लिहून किंवा खुणांनी दिलेली साक्ष तोंडी साक्षच मानली जाते, हे भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम १२५ मध्ये आहे.

घरातली हिंसा अनेकदा मारहाणीसारखी दिसत नाही. कॅलिपर (पायाला आधार देणारं साधन) वर फळीवर ठेवणं, चाकाची खुर्ची अंगणात ठेवून दार लावणं, फोन काढून घेणं, "सारखी शौचाला जाते" म्हणून पाणी कमी देणं. हे सगळं गुन्ह्यात बसतं. आधाराचं साधन बिघडवणं किंवा वापरू न देणं आणि जिच्यावर ताबा आहे तिला अन्नपाणी नाकारणं, दोन्हींना दिव्यांग अधिनियमाच्या कलम ९२ खाली सहा महिने ते पाच वर्षं शिक्षा आहे. मात्र सुरुवात गुन्ह्यानेच करावी असं मला वाटत नाही. ज्या घरात तिला उद्याही राहायचं आहे तिथे कौटुंबिक हिंसाचार प्रतिबंधक कायदा २००५ जास्त उपयोगी पडतो. हा कायदा फक्त सुनेसाठी आहे असा समज सगळीकडे आहे. लेक वडिलांविरुद्ध, बहीण भावाविरुद्ध, आई मुलाविरुद्ध त्याखाली दाद मागू शकते. संरक्षण अधिकाऱ्याकडे घरगुती घटना अहवाल भरून घ्या आणि अर्जात मागण्या नेमक्या लिहा: घरात राहण्याचा हक्क, साधनं परत देणं, तिचं पासबुक आणि कार्ड तिच्याकडे देणं, दरमहा औषधांचा खर्च. संरक्षण अधिकाऱ्याला माहिती कोणीही देऊ शकतं, तिने स्वतः कार्यालयात जायची गरज नाही. वकील जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत मिळतो. महिला आणि दिव्यांग या दोन्हींना त्यासाठी उत्पन्नाची अट नाही.

शरीराबद्दलचे निर्णय हा सगळ्यात दडपलेला विषय आहे. १९९४मध्ये शिरूरच्या शासकीय गृहातल्या बौद्धिक दिव्यांग मुलींची गर्भाशयं पुण्याच्या ससून रुग्णालयात काढली गेली आणि राज्यभर वादळ उठलं. तेव्हा दिलेलं कारण आजही घरोघरी ऐकू येतं: पाळीची स्वच्छता तिला जमत नाही. आणि मनात असलेलं, पण क्वचितच बोललं जाणारं दुसरं कारण: काही झालंच तर दिवस जायला नकोत. पालकांना शांतपणे सांगा की गर्भाशय काढल्याने अत्याचार टळत नाही, फक्त तो उघडकीला येण्याची एक वाट बंद होते. कायदाही स्पष्ट आहे. दिव्यांग अधिनियमाच्या कलम १० प्रमाणे वंध्यत्व आणणारी कोणतीही प्रक्रिया तिच्या स्वतःच्या समजून-उमजून दिलेल्या संमतीशिवाय करता येत नाही. मानसिक आजारावरचा उपचार म्हणून नसबंदी करायला मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ नेही मनाई आहे.

पण "करू नका" एवढं सांगून आई थांबत नाही, तिच्या रोजच्या हालांवर उपाय द्यावा लागतो. पाळी सुरू व्हायच्या आधीपासून, नऊ-दहाव्या वर्षापासून शिकवायला घ्या. आतल्या चड्डीवर पॅड कुठे बसवायचं तिथे रंगीत दोऱ्याने चौकट शिवा. काम पायऱ्यांत तोडा: दार लावणं, चड्डी खाली करणं, जुनं पॅड काढणं, कागदात गुंडाळणं, डब्यात टाकणं, नवं बसवणं, हात धुणं. शिकवताना शेवटून सुरुवात करा. आधी सगळं आईने करायचं आणि हात धुणं तेवढं मुलीने. ते जमलं की नवं पॅड बसवणं मुलीने, मग डब्यात टाकणं, असं मागे मागे जायचं. दरवेळी काम पूर्ण केल्याचं समाधान तिला मिळतं, म्हणून ही पद्धत टिकते. पॅड बदलायची वेळ घड्याळावर न ठेवता दिवसाच्या क्रमाला बांधा: सकाळच्या चहानंतर, जेवणानंतर, संध्याकाळी, झोपताना. खऱ्या पाळीची वाट न पाहता मधल्या दिवसांतही लाल रंग लावलेल्या पॅडवर सराव घ्या. रक्तस्राव खूप होत असेल किंवा पाळीच्या आसपास फिट वाढत असतील तर स्त्रीरोगतज्ज्ञांना दाखवा, त्यावर औषधं आहेत. काही महिने लागतात, पण बहुसंख्य मुली बरंचसं स्वतः करायला शिकतात.

गर्भपाताच्या बाबतीत रुग्णालयं सर्रास पालकांची सही मागतात. १८ वर्षांवरील बौद्धिक दिव्यांग स्त्रीसाठी तिची स्वतःची संमती लागते. पालकाची सही अल्पवयीन किंवा गर्भपात कायद्यातल्या व्याख्येप्रमाणे मानसिक आजारी असलेल्या स्त्रीसाठी असते, आणि त्या व्याख्येतून बौद्धिक दिव्यांगता वगळलेली आहे. सुचिता श्रीवास्तव खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २००९मध्ये हेच सांगितलं आणि मूल ठेवायचा त्या तरुणीचा निर्णय मान्य केला. तिच्या संमतीशिवाय गर्भपात करणं दिव्यांग अधिनियमाच्या कलम ९२ खाली गुन्हा आहे. तीव्र दिव्यांगत्वासाठी त्यात एक अपवाद आहे, तिथे डॉक्टरांचं मत आणि पालकाची संमती दोन्ही लागतात. सौम्य दिव्यांगत्वाच्या बाईला त्या अपवादात ढकललं जात असेल तर लेखी हरकत घ्या. गर्भपात कायद्यातल्या २०२१च्या दुरुस्तीनंतर दिव्यांग स्त्रियांना २४ आठवड्यांपर्यंत गर्भपाताची मुभा आहे, पण ती मुभा तिची आहे, सासरची नाही.

जमिनीचं प्रकरण बहुधा वडिलांच्या तेराव्यानंतर सुरू होतं. हिंदू वारसा कायद्याच्या कलम २८ प्रमाणे आजार किंवा व्यंग यामुळे वारसा जात नाही, आणि २००५पासून लेक जन्मतः हिस्सेदार आहे. तरी "तिला काय करायचंय जमिनीचं, आम्ही सांभाळतोय ना" म्हणत हक्कसोडपत्रावर अंगठा घेतात. वारस नोंदीचा फेरफार निघाला की नोटिशीनंतर हरकतीला १५ दिवस असतात. त्या मुदतीत हरकत तलाठी कार्यालयात लेखी द्या आणि पोच घ्या. नोंद मंजूर झाली असेल तर प्रांताकडे अपिलाला ६० दिवस. नोंदणीकृत हक्कसोडपत्र मात्र दिवाणी न्यायालयातच रद्द होतं, तिथे वर्षं जातात. त्यामुळे वडील हयात असतानाच या घरांशी बोलणं चांगलं. भाऊ प्रामाणिक असेल तर सातबाऱ्यावर तिचं नाव ठेवून जमीन त्याने कसण्यात काहीच अडचण येत नाही, आणि हे समजावल्यावर बरेच भाऊ ऐकतात.

पालकत्वाचा कागद मागणारी बँक किंवा कार्यालय भेटलं तर घाईने तो काढू नका. दिव्यांग अधिनियमाच्या कलम १३ प्रमाणे दिव्यांग व्यक्तीला इतरांसारखीच कायदेशीर क्षमता आहे, आणि कलम १४ मधलं पालकत्व मर्यादित, ठराविक निर्णयापुरतं आणि ठराविक काळापुरतं आहे. सेरेब्रल पाल्सीमुळे बोलणं अस्पष्ट असलेल्या पण सगळं समजणाऱ्या बाईला पालक नेमला की पुढे तिची सही कोणी मागतच नाही. खरोखर गरज असेल तिथे जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालच्या राष्ट्रीय न्यासाच्या स्थानिक समितीकडे जा आणि अर्जात कोणत्या कामासाठी पालक हवा ते लिहा.

गट वेगळा करायचा की आहे त्यात सामावून घ्यायचं? दोन्ही करा, पण क्रमाने. उमेदमध्ये, म्हणजे राज्याच्या ग्रामीण जीवनोन्नती अभियानात, दिव्यांग महिलांचा गट पाचजणींचाही होऊ शकतो. वेगळ्या गटात त्या बोलायला लागतात, हिशेब शिकतात, एकमेकींची कागदपत्रं ओळखतात. वर्षभराने त्यांतल्या दोघी ग्रामसंघाच्या (गावातल्या गटांच्या संघाच्या) समितीत गेल्या पाहिजेत, नाहीतर वेगळा गट हे वेगळं कोंडणं होऊन बसतं. बैठकीच्या खर्चात सोबतीला येणाऱ्या बाईचं भाडं आणि दुभाषाचं मानधन पहिल्यापासून धरा. बैठक पायरी नसलेल्या, शौचालय जवळ असलेल्या जागी घ्या. शौचालय नसेल तर व्हीलचेअरवरच्या बायका आदल्या रात्रीपासून पाणी पीत नाहीत आणि मूत्रमार्गाचा संसर्ग ओढवून घेतात.

खालच्या कार्यालयात काम अडलं तर पुण्यातल्या राज्य दिव्यांग आयुक्तांकडे तक्रार करा. एका पानात घटना, तारीख, कोणत्या अधिकाऱ्याने काय नाकारलं, कोणतं कलम मोडलं आणि नेमकं काय हवं, एवढंच लिहा, आणि खाली तिची सही किंवा अंगठा असू द्या, संस्थेच्या पदाधिकाऱ्याची नव्हे. आयुक्तांना साक्षीदार बोलावण्यासाठी आणि कागदपत्रं मागवण्यासाठी दिवाणी न्यायालयाचे अधिकार आहेत, आणि त्यांच्या शिफारशीवर काय केलं हे संबंधित कार्यालयाने तीन महिन्यांत कळवायचं असतं. तारीख लिहून ठेवा. तीन महिने उलटून उत्तर आलं नाही तर त्या तक्रारीची आणि शिफारशीची प्रत घेऊन उच्च न्यायालयाच्या विधी सेवा समितीकडे रिट याचिकेसाठी मोफत वकिलाचा अर्ज करता येतो.